उभ्या उतारावरची द्राक्षं आणि ऑक्टोबरचं ऊन

जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या द्राक्षबागांचे फोटो पाहिले की बहुतेकांना वाटतं, सपाट जमीन मिळाली नाही म्हणून वेली कड्यावर चढल्या. तसं नाही. नदीकाठी सपाट पट्टेही आहेत, पण उत्तम रीसलिंग (पांढऱ्या वाइनची द्राक्षजात) पिकते ती दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर. याचं कारण साध्या त्रिकोणमितीत आहे.

मोझेल साधारण ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर येतो. सपाट जमिनीच्या वाट्याला येणारं थेट ऊन सूर्याच्या उंचीच्या कोनाच्या साइनइतकं असतं. ३२ अंशांचा साइन ०.५३, म्हणजे पूर्ण उन्हाच्या ५३ टक्के. दक्षिणेकडे ३० अंश उतरणाऱ्या जमिनीला मात्र हाच सूर्य ६२ अंशांवर असल्यासारखा लागतो आणि तिला ८८ टक्के ऊन मिळतं. ही वाढ तब्बल दोन तृतीयांश! आता २१ जूनचा हिशोब करा. सूर्य साडेत्रेसष्ट अंशांवर, सपाटीला ९० टक्के, उताराला जवळपास १००. फायदा फक्त दहाएक टक्क्यांचा. म्हणजे उताराची खरी मदत शरद ऋतूत होते, आणि उशिरा पिकणाऱ्या रीसलिंगच्या घडात साखर भरते तीही नेमकी तेव्हाच.

रात्री थंड असल्यामुळे वाइनच्या चवीला लागणारं आम्लही टिकतं. द्राक्षातलं मॅलिक आम्ल मण्याच्या श्वसनात खर्च होतं आणि उष्णतेत ते झपाट्याने उडतं. आपल्या नाशिकला अडचण नेमकी उलटी. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, जानेवारी ते मार्च तोडणी. तिथे ऊन मुबलक, आम्ल सांभाळणं कठीण.

मोझेलची जमीन म्हणजे पाटीच्या दगडाच्या काळ्या चिपा. त्या दिवसा तापतात, पाणी झटकन निचरू देतात. मात्र ‘या वाइनला दगडाची चव आहे, ती मुळांतून येते’ ही निव्वळ जाहिरातबाजी आहे. मुळं पाण्यात विरघळलेले आयन शोषतात, दगडाची चव नव्हे. सुगंध घडवतात ते द्राक्ष आणि यीस्ट.

१७८७ मध्ये ट्रिअरचा इलेक्टर (तिथला राज्यकर्ता आर्चबिशप) क्लेमेन्स वेन्सेस्लाउस याने हलक्या जाती काढून चांगल्या वेली, मुख्यतः रीसलिंग, लावण्याचा हुकूम काढला. पुढे नेपोलियनच्या कायद्याने सर्व मुलांना समान वाटा मिळू लागला आणि बागांच्या चिंधड्या झाल्या. एकाच घराण्याच्या पट्ट्या वेगवेगळ्या उतारांवर विखुरल्या. वेलेन गावच्या उतारावर १८४२ मध्ये प्र्यूम घराण्यातल्या योडोकुसने कामकऱ्यांना वेळ कळावी म्हणून बांधलेलं सौरघड्याळ आजही उभं आहे.

काम सगळं हाताचं. ब्रेम गावच्या काल्मोंटवर उतार काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत जातो. तारेच्या मांडवात माणूस ओळीतून फक्त वर-खाली करू शकतो, म्हणून इथे प्रत्येक वेलीला स्वतंत्र खांब असतो. दोन काड्या वाकवून हृदयाच्या आकारात बांधतात, म्हणजे वेलींमधून आडवंही फिरता येतं. माल वर-खाली नेते दातेरी रुळावरची छोटी गाडी. आधाराच्या भिंती कोकणातल्या गडग्यासारख्या, चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या. मागे बारीक दगडांची भर टाकून पाण्याला वाट ठेवावीच लागते. ती मातीने बुजली की पाणी तुंबतं, थंडीत गोठून फुगतं, भिंतीला पोट येतं आणि एखाद्या पावसात ती कोसळते. वाहून गेलेली माती पूर्वी पाठीवरून पुन्हा वर नेत.

आता हवा तापते आहे. जुलै २०१९ च्या उष्णतेच्या लाटेत घड उन्हाने होरपळले. पूर्वी घडांना ऊन मिळावं म्हणून पानं काढत. आता दुपारचं ऊन झेलणाऱ्या बाजूची पानं राखतात आणि सावलीकडचीच काढतात. सपाटीवरही द्राक्षं पिकू लागल्याने अवघड उतार पडीक पडताहेत, तर एके काळी फार थंड ठरलेल्या, मोझेलला मिळणाऱ्या सार नदीच्या खोऱ्यातल्या बागांना मागणी वाढते आहे.