‘पी०४४२’ या कोडमागची पन्नास वर्षं

अमेरिकेत शिकायला गेलेली आपली मुलं अनेकदा पंधरा-वीस वर्षं जुनी गाडी घेतात आणि काही महिन्यांत चेक इंजिनचा दिवा लागतो. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला की दिसतो पी०४४२ किंवा पी०४५५. इंजिन सुरळीत, मायलेजही पडलेलं नाही. मग बिघाड कसला? हा कोड टाकीतून हवेत निसटणाऱ्या पेट्रोलच्या वाफेबद्दल असतो. ती वाफ मोजावी असं कोणाला का वाटलं, हे कळलं की कोडचा अर्थही नीट लागतो.

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं इतकं दाट धुरकं उतरलं की काहींना तो शत्रूचा विषारी वायूचा हल्ला वाटला. खरं कारण सापडायला काही वर्षं गेली. कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विज्ञानसंस्थेतले डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट अननसाच्या स्वादातली रसायनं वेगळी काढण्याचं काम करत होते. तेच कसब त्यांनी शहराच्या हवेवर वापरलं. न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की धुरक्यातला ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. पुढे १९६८ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले.

न जळलेलं इंधन फक्त सायलेन्सरमधून येत नव्हतं. तेव्हाच्या टाकीचं झाकण हवा खेळती ठेवणारं, हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटरही बाहेरच्या हवेला मोकळा. उन्हात नुसती उभी असलेली गाडीसुद्धा हवा बिघडवत होती! मला या साऱ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

म्हणून कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि देशभर १९७१ च्या मॉडेलांपासून वाफ अडवणं सक्तीचं झालं. त्यातून रुळला तो कोळशाचा डबा, म्हणजे कॅनिस्टर. टाकीतली वाफ त्यातल्या सक्रिय कोळशावर धरून ठेवली जाते. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, ताजी हवा कोळशातून ओढली जाते आणि ती वाफ इंजिनात जळून जाते. सुरुवातीच्या चाचणीत ठरावीक तोंडांशीच वाफ गोळा करत. बाकी कुठून निसटली तर ती हिशेबाबाहेर. १९७८ पासून अख्खी गाडी हवाबंद खोलीत ठेवून मोजायला लागले, तेव्हा ही पळवाट बंद झाली.

पण नवी गाडी चाचणीत उतरली, तरी दहा वर्षांनी तिचं रबर भेगाळणारच. त्यासाठी गाडीनेच स्वतःला तपासावं, ही कल्पना आली. कॅलिफोर्नियाची १९८८ ची पहिली स्वनिदान पद्धत गळती शोधत नव्हती. १९९६ पासून अमेरिकेत सर्व नव्या गाड्यांना लागू झालेल्या ओबीडी-२ च्या, म्हणजे स्वनिदान पद्धतीच्या दुसऱ्या पिढीच्या, काळात ते काम आलं. आधी सुमारे १ मिलिमीटरचं छिद्र पकडायचं होतं, २००० च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने अर्ध्या मिलिमीटरचं. पी०४५५ मोठ्या गळतीचा, पी०४४२ लहान गळतीचा आणि पी०४५६ अगदी बारीक गळतीचा.

कॉम्प्युटरला छिद्र दिसत नाही. बऱ्याच गाड्यांत तो कॅनिस्टरमध्ये बाहेरची हवा घेणारा व्हेंट व्हॉल्व्ह बंद करून इंजिनाच्या ओढीने टाकीत किंचित निर्वात करतो आणि ते किती वेळ टिकतं ते पाहतो. काही कंपन्यांनी यासाठी छोटा पंप बसवला. दोन्ही पद्धतींत कोड सांगतो तो एवढाच निकाल: दाब टिकला नाही. कोणता भाग गेला, हे त्यात नसतं. म्हणून कोड वाचून थेट कॅनिस्टर किंवा पर्ज व्हॉल्व्ह बदलण्याला माझा ठाम विरोध आहे. आधी झाकणाचं रबर पाहा. मग होज, आणि बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत टाकीच्या भरणनळीवरचा गंज. पेट्रोल भरताना पंपाची नळी आपोआप थांबल्यावरही टाकी काठोकाठ भरायची सवय असेल तर कोळसा द्रव पेट्रोलने भिजलेला असू शकतो. जुना डबा फुटून कोळशाचे कण व्हॉल्व्हमध्ये अडकतात, तेव्हा नवा व्हॉल्व्हही टिकत नाही. काहीच सापडलं नाही तर अगदी कमी दाबाने धूर सोडून पाहणारं यंत्र असलेलं गॅरेज गाठावं. टाकीत पेट्रोलची वाफ असते, त्यामुळे घरच्या कॉम्प्रेसरची हवा तिथे सोडू नये.

भारतात आपण युरोपची वाट धरली. २०१० पासून आलेल्या आपल्या ओबीडीचा आधार असलेल्या युरोपीय नियमात पर्ज व्हॉल्व्हची वायरिंग तुटलेली नाही ना, एवढं पाहणं पुरेसं होतं. त्यामुळे पुण्यातल्या जुन्या गाडीत पी०४४३, म्हणजे व्हॉल्व्हच्या सर्किटचा दोष, जास्त संभवतो.

दुरुस्तीनंतर कोड पुसला की दिवा लगेच विझतो, पण त्यावर विसंबू नका. टाकी साधारण अर्धी ठेवा आणि गाडी रात्रभर थंड होऊ देऊन सकाळी सुरू करा. बहुतेक गाड्या टाकी अगदी भरलेली किंवा रिकामी असताना गळतीची चाचणी घेतच नाहीत, आणि चाचणी सहसा दोनदा फसल्यावरच दिवा पुन्हा लागतो.