हीटरचा लाल दिवा काय सांगतो

डिसेंबरात ठाण्यात पहाटेचा पारा 17-18 अंशांवर येतो, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आणखी थोडा खाली. खिडकीजवळच्या फिशटँकचं पाणी मग 22-23 पर्यंत उतरतं. गोल्डफिशला त्याचं काही वाटत नाही, गप्पीही निभावून नेतात. फायटर मात्र सुस्तावून तळाशी बसतो आणि 28-30 अंशांत रमणारा डिस्कस खाणंच सोडतो. मग कपाटातला हीटर बाहेर निघतो आणि तक्रारी सुरू होतात.

काचेच्या नळीच्या साध्या हीटरमध्ये कामाच्या गोष्टी दोनच: सिरॅमिकवर गुंडाळलेली, विजेने तापणाऱ्या नायक्रोम तारेची कॉइल आणि द्विधातू पट्टीचा थर्मोस्टॅट. पट्टीतले दोन धातू तापल्यावर कमीजास्त प्रसरण पावतात, त्यामुळे पट्टी वाकते आणि विजेचा संपर्क तुटतो; गार झाली की पुन्हा टेकते. लाल दिवा बहुधा थर्मोस्टॅटच्या पुढे, कॉइलला समांतर जोडलेला असतो. म्हणून दिवा लागला याचा अर्थ एवढाच की थर्मोस्टॅटने वीज पुढे सोडली. कॉइल तापते आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

दिवा चालू आणि पाणी गार असेल, तर पहिला संशय तुटलेल्या कॉइलचा. मल्टीमीटर (विजेचा रोध मोजणारं यंत्र) असेल तर खात्री पाच मिनिटांत होते. हीटर प्लगमधून काढून पूर्ण गार होऊ द्या, तापमान ठरवायचा नॉब सर्वात वरच्या अंकावर न्या आणि प्लगच्या दोन पिनांमधला रोध मोजा. 230 व्होल्टवर 100 वॅटच्या हीटरला साधारण 530 ओहम, 50 वॅटच्याला 1060 ओहम दिसायला हवेत. आकडाच आला नाही, तर कॉइल तुटली आहे किंवा संपर्क टेकत नाहीत. दोन्हींवर इलाज एकच, नवा हीटर. इलेक्ट्रॉनिक डिस्प्लेच्या हीटरला ही चाचणी लागू पडत नाही.

याउलट दिवा विझतच नसेल, तर ती जास्त काळजीची गोष्ट. संपर्क जुळता-सुटताना दर वेळी बारीक ठिणगी पडते. काही हिवाळ्यांनंतर ते खडबडीत होतात आणि एखाद्या दिवशी एकमेकांना चिकटून बसतात. पाणी 26 अंश असताना नॉब 20 वर आणा. टिक् असा आवाज होऊन दिवा विझला पाहिजे. विझला नाही, तर तो हीटर त्याच क्षणी बाद समजा.

दोन फुटी टँकमध्ये प्रत्यक्षात 45 लिटर पाणी असतं. ते एक अंशाने तापवायला साधारण 188 किलोज्यूल लागतात आणि 100 वॅटचा हीटर तासाला 360 किलोज्यूल देतो. थर्मोस्टॅट चिकटला तर काचेतून निसटणारी उष्णता धरूनही सात-आठ अंश चढायला एक रात्र पुरते. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम, 30 अंशांना 7.6. म्हणूनच सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. 50 वॅटच्या हीटरने तापमानाची हीच वाढ जवळपास निम्मी होते. लिटरमागे एक वॅट हा नियम थंड प्रदेशांचा आहे. ठाण्यात लिटरमागे अर्धा वॅट बहुतेक टँकना पुरतो आणि तोच सुरक्षित. टँक रोज एसी चालणाऱ्या बेडरूममध्ये असेल, तर मात्र थोडा मोठा घ्यावा लागतो, आणि तोही मे महिन्यात!

पाणी असं तापलेलं सापडलं, तर हीटर काढा, झाकण उघडा, एअर पंप पूर्ण जोरात लावा आणि वरून पंखा सोडा. बर्फ थेट टाकू नका. तासाला एखादा अंश उतरला तरी चालतं.

दिवा सारखा लागतो-विझतो आणि टँकचं दुसरं टोक गार राहतं, तर दोष बहुधा जागेचा. आजूबाजूचंच पाणी तापून थर्मोस्टॅट फसतो. हीटर फिल्टरच्या प्रवाहात लावा, खडीत पुरू नका, आणि थर्मामीटर विरुद्ध टोकाला ठेवा. नॉबवरच्या आकड्यात दोन-तीन अंशांचा फरक सर्रास असतो, त्यामुळे एकेक अंश सरकवून दर वेळी 24 तास थांबा. टँकर किंवा बोअरच्या पाण्यात नळीवर पांढरा क्षार चढतो; उष्णता अडकून कॉइल जास्त तापते. गार केलेली नळी व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापडाने पुसली की तो निघतो. नळीच्या आत दव किंवा थेंब दिसले तर वाळवत बसू नका. रबरी सील गेलं आहे, हीटर टाकून द्या.

पाण्यात बोटं घातल्यावर झिणझिण्या आल्या, तर हात बाहेर काढून आधी बोर्डचा स्विच बंद करा, मगच प्लगला हात लावा. अनेक स्वस्त हीटरना दोनच पिना असतात, अर्थिंग नसतं. घरच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखणारा स्विच) असेल, तर गळती अंगातून जमिनीकडे जाऊ लागताच तो वीज तोडतो. साधा एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाहावर पडणारा स्विच, हे काम करत नाही. वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही.

डिस्कससारखे महागडे मासे असतील, तर बाहेरचा तापमान कंट्रोलर जोडाच; तो पाण्यातल्या सेन्सरने तापमान मोजून हीटरची वीज चालू-बंद करतो. कंट्रोलर 28 अंशांवर आणि हीटरचा नॉब 30 वर ठेवा. कंट्रोलरचा सेन्सर पाण्याबाहेर पडला, तर तो खोलीची गार हवा मोजत हीटर चालूच ठेवतो. तेव्हा हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट 30 वर तोडतो. सेन्सर सक्शन कपवर न सोडता फिल्टरच्या पाइपला प्लास्टिकच्या पट्टीने बांधा. आणि पाणी बदलायच्या 20 मिनिटं आधी प्लग काढा, कारण उघडी पडलेली गरम काच गार पाणी लागताच तडकते.