अल्पवयीन मुलांच्या हातात गाडी: कायदा इथवर कसा आला

१९ मे २०२४ च्या रात्री अडीचच्या सुमाराला पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते परत सांगत बसत नाही, सगळ्यांना माहितीये. सतरा वर्षांचा मुलगा, हातात पोर्शे गाडी, आणि तिच्या धडकेत बाइकवरचे दोन तरुण इंजिनिअर हकनाक गेले. त्यानंतर घराघरात एकच प्रश्न होता, याला मोठ्या माणसासारखी शिक्षा का नाही? त्याचं उत्तर त्या रात्रीच्या बऱ्याच आधी ठरून गेलेलं होतं.

जुना भाग थोडक्यात. १९३९ च्या मूळ मोटार कायद्यात दारूबद्दल एवढंच होतं की गाडीवर ताबा राहणार नाही इतका माणूस प्यायलेला असेल तर गुन्हा, म्हणजे इतका म्हणजे किती ते बघणाऱ्याच्या मतावर. पुढे एक थेंबही चालणार नाही असं टोक गाठलं गेलं, १९८८ च्या कायद्यातही तेच होतं, मग १९९४ च्या दुरुस्तीने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही हद्द घातली आणि ती तोंडाने फुंकायच्या मशीनवर मोजायची असं ठरलं. तीच हद्द आजही आहे. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला जी, तीच काल लायसन्स मिळालेल्या पोराला. अमेरिकेत २१ च्या खालच्यांना जवळपास शून्याची अट आहे, न्यूझीलंडने तर १९८७ पासूनच नवख्यांना टप्प्याटप्प्याने लायसन्स द्यायला सुरुवात केली, आधी रात्री एकट्याने चालवायचं नाही, मित्रांना बसवायचं नाही, मग हळूहळू सूट. आपल्याकडे लर्निंग काढलं, तीस दिवस झाले, टेस्ट दिली की पक्कं लायसन्स, आणि त्या दिवसापासून रात्री दोनला पाच मित्र घेऊन हायवेला जायला मोकळे.

वयाचं म्हणाल तर अठरा सगळ्यांना पाठ आहे. पण १९८८ च्याच कायद्यात सोळा वर्षांच्या मुलांसाठी एक वाट ठेवलीये, ५० सीसीपर्यंतची गाडी, तीही बिनगिअरची, आणि लर्निंगच्या अर्जासोबत पालकाची लेखी संमती. लुना घरोघरी होती तेव्हा हे ठीक होतं. पुढे ५० सीसीच्या गाड्या बाजारातून गेल्या, शोरूममध्ये ११० आणि १२५ च्या स्कूटर आल्या, कायद्यातला आकडा मात्र जिथल्या तिथे. म्हणजे सोळाव्या वर्षी कायद्याने चालवता येईल अशी पेट्रोलची गाडी विकतच मिळेना. दहावी झाली, अकरावीचा क्लास गावाच्या दुसऱ्या टोकाला, बस वेळेवर नाही, मग आईची ॲक्टिव्हा. संध्याकाळी कुठल्याही क्लासच्या गेटवर उभं राहून बघा, स्कूटरवर ट्रिपल सीट, चालवणाऱ्याचं हेल्मेट डिकीत आणि फोन खांदा न कान यांच्यात दाबलेला. पूर्वी निदान पालकाला एका कागदावर सही करावी लागायची, नुसती किल्ली देताना तेवढंही करावं लागत नाही.

आता सगळ्यात गुंत्याचा भाग. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर, ज्यातला एक आरोपी अल्पवयीन होता, लोकांचा दबाव इतका होता की बाल न्याय कायदाच नवा आला, २०१५ चा, जानेवारी २०१६ पासून लागू. त्यात सोळा ते अठरा वयातल्या मुलावर फार गंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालवायची सोय झाली. फार गंभीर म्हणजे काय, तर ज्याला कायद्यात कमीत कमी सात वर्षांची शिक्षा लिहिलीये तो. आणि बघा, हे लागू होऊन तीन महिने होत नाहीत तोच, एप्रिल २०१६ मध्ये, दिल्लीत एका मुलाने मर्सिडीजने रस्ता ओलांडणाऱ्या तरुणाला उडवलं. मुलाला अठरा पूर्ण व्हायला जेमतेम काही दिवस बाकी होते. लावलेलं कलम ३०४, सदोष मनुष्यवध, त्यात जास्तीत जास्त शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते पण कमीत कमी किती ते लिहिलेलंच नाही. मग हा गुन्हा बसवायचा कुठे? मुलांचे खटले बघणाऱ्या बाल न्याय मंडळाने म्हटलं मोठ्यांसारखा चालवा, दिल्लीच्या वरच्या कोर्टाने २०१९ मध्ये ते फिरवलं, आणि जानेवारी २०२० मध्ये देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने ठरवलं की किमान सात वर्षं लिहिलेली नसतील तर तो गुन्हा त्या फार गंभीर वर्गात धरता येणार नाही, एक पायरी खालच्या वर्गात धरायचा. २०२१ च्या दुरुस्तीत हे कायद्यातच लिहून टाकलं.

यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललं जातं. एक बाजू म्हणते की कायद्यातली पळवाट कोर्टाने बुजवायला हवी होती, गेलेल्याच्या घरच्यांना किमान आणि कमाल यातला फरक कुणी समजावायचा. दुसरी म्हणते की मुलांना मोठ्यांच्या तुरुंगात पाठवायची सोय अपवाद म्हणून ठेवलीये, ती कोर्टाने ताणू नये. मला दुसरी बाजू पटते, पण पहिलीचा राग खोटा आहे असं अजिबात म्हणवत नाही. कारण पुण्यात तेच झालं. काही तासांत जामीन, ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट, सगळा देश पेटला. मग जामिनाचा आदेश बदलून निरीक्षणगृह, जूनमध्ये मुंबईच्या वरच्या कोर्टाने ते बेकायदा ठरवून सुटका. मुलाने दारू प्यायल्याचं लपवायला रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, त्यात डॉक्टरांना अटक. आणि जुलै २०२५ मध्ये मोठ्यांसारखा खटला चालवायची पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली. निबंधाची चीड बरोबरच होती, पण ती सगळी निबंधावरच खर्च झाली, २०२० चा निकाल फार थोड्यांनी वाचला.

या गदारोळात २०१९ ची मोटार कायद्याची दुरुस्ती मागे पडली, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे. आधीसुद्धा बिनलायसन्सच्या माणसाला गाडी देणाऱ्यावर गुन्हा होता, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिने, लोक पावती फाडून मोकळे व्हायचे. कलम १९९अ ने ते बदललं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी, तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. कोर्ट सुरुवातीलाच धरून चालतं की गाडी पालकांच्या संमतीनेच दिली होती, मला माहीत नव्हतं हे पालकाने सिद्ध करायचं. इतकं कडक कलम असून पंचविशीची अट किती पालकांना माहितीये? महाराष्ट्रात तर वाढीव दंड २०१९ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, थांबवलेच गेले, ते लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. ती दोन वर्षं वाया गेली असं मी स्पष्ट म्हणेन.

मोबाइलचं प्रकरण अजून अलीकडचं. आधी तो फक्त लायसन्स निलंबित करायच्या कारणांच्या यादीत होता, २०१९ मध्ये हातात फोन धरून चालवणं थेट धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये आलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० पासून, रस्ता बघायला फोन चालेल, फक्त लक्ष विचलित होता कामा नये, अशी सवलत आली. आता सोळा-सतराच्या पोराने मॅप बघितला की मेसेज हे चौकातल्या हवालदाराने कसं ओळखायचं? ताशी ६० च्या वेगाला तीन सेकंद खाली बघितलं तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. तरी सरकारी आकडेवारीत, २०२२ मध्ये रस्त्यावर गेलेल्या १,६८,४९१ लोकांच्या हिशोबात, मोबाइल आणि दारू यांचे रकाने अगदी बारीक दिसतात आणि अतिवेगाचा भलामोठा. कारण फोन अपघातानंतर खिशात जातो, रक्त उशिरा घेतलं जातं, आणि पंचनाम्यात वेग लिहिणं सोपं असतं.

मे २०२४ नंतर नाकाबंद्या वाढल्या, पालकांवरही केसेस होऊ लागल्या. त्याच सुमाराला बॅटरीवरच्या हळू स्कूटर गल्लोगल्ली दिसायला लागल्या होत्या. ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि पाव किलोवॉटपेक्षा कमी ताकदीची गाडी कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनच धरली जात नाही, त्यामुळे तिला लायसन्स नको, नंबर प्लेट नको. वर सांगितलेलं कलम १९९अ सुद्धा तिला लागत नाही, आणि चौदा वर्षांच्या मुलाला ती घेऊन देणारा पालक आज कायद्याच्या पूर्ण आत आहे.