होडीतला संडास आणि उजनीचं पाणी

जानेवारीत केत्तूरच्या बाजूने उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. होडीत आम्ही सात जण. तासाभराने आत्याने होडीवाल्याला हळूच विचारलं, "बाबा, इथं कुठं सोय हाय का?" त्याने हनुवटीनेच काठ दाखवला. "मावशी, ईस मिन्टात लावतो की काठाला." एवढं बोलून त्याने चहाचे रिकामे कप घेतले, कडेवरून वाकून धरणाच्याच पाण्यात विसळले आणि पुन्हा डब्यात ठेवले.

हेच पाणी जलवाहिनीतून शंभरेक किलोमीटर पार करून सोलापुरात येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी आम्ही हातातलं काम टाकून नळाकडे पळतो. त्यामुळे आत्याचा प्रश्न माझ्या डोक्यात वेगळ्याच वाटेने शिरला. आपल्या होडीत सोय नव्हती ते ठीक. पण ज्या बोटींवर लोक रात्रंदिवस राहतात, त्यांच्यातलं जातं कुठं?

खासगी बोटीवरचा संडास घरच्यासारखाच दिसतो, फक्त बुटका. शेजारी एक हातपंप. दांडा वरखाली केला की बाहेरचं पाणी आत येतं आणि भांड्यातलं पुढे ढकललं जातं. गेलेलं परत येऊ नये म्हणून नळीत चोचीसारखा रबरी पडदा असतो. दर वेळी लीटर-दोन लीटर पाणी पुरतं. पूर्वी पुढची नळी सरळ बोटीच्या तळातून बाहेर निघायची. आता अनेक देशांत किनाऱ्याजवळ तसं चालत नाही, आणि का चालत नाही हे साध्या गुणाकाराने कळतं.

एका वेळची विष्ठा 100 ग्रॅम धरू. ग्रॅममागे आतड्यातले कोलिफॉर्म जिवाणू ढोबळमानाने एक कोटी. म्हणजे एकूण 100 कोटी. आपल्याकडे अंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची अपेक्षित मर्यादा आहे 100 मिलिलिटरमागे 500, म्हणजे लिटरला 5,000. भागाकार केला की उत्तर येतं 2 लाख लिटर. एका माणसाची एक सकाळ अंघोळीलायक पातळीपर्यंत पातळ करायला दहा हजार लिटरचे वीस टँकर, तेही आधीपासून स्वच्छ पाण्याचे! उन्हाळ्यात एका टँकरसाठी हंड्यांची रांग लावणाऱ्या जिल्ह्याला वीस टँकर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

यावर तोडगा म्हणून बोटीतच बसेल असं छोटं शुद्धीकरण यंत्र निघालं. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं विजेवर चालतं, आणि त्याचं मर्म स्वयंपाकघराच्या ओट्यावर बघता येतं. खिडकी उघडी ठेवा. पेल्याभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवा, शिसपेन्सिलीची दोन शिसं त्यात सोडा आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडा. दोन्हीकडून बुडबुडे सुटतात. एका शिसापाशी हायड्रोजन. दुसऱ्यापाशी ओळखीचा वास येतो, पावसाळ्यात ग्रामपंचायतीने विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर येतो तो. हा क्लोरीन. पेल्यात निळ्या शाईचा थेंब टाकलात तर थोड्या वेळाने तो फिका पडतो, कारण क्लोरीन पाण्यात विरघळून हायपोक्लोरस आम्ल होतं आणि ते रंगही मोडतं, जिवाणूही. सूत पांढरं करायच्या रसायनाच्या घराण्यातलंच हे, चादरी-टॉवेलच्या गावात ओळख करून द्यायला नको.

बोटीत हाच पेला मोठा होतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे मीठ फुकट आणि अमर्याद. यंत्राच्या पहिल्या कप्प्यात फिरती पाती मैल्याचा लगदा करतात, कारण गोळ्याच्या पोटात बसलेल्या जिवाणूपर्यंत क्लोरीन पोचत नाही. शिसांच्या जागी बसवलेल्या धातूच्या पत्र्यांमधून वीज जाते, क्लोरीन तयार होतो, दोन-तीन मिनिटांत काम झालं. पुढच्या माणसाने दांडा हलवला की आधीचं दुसऱ्या कप्प्यात सरकतं, तिथलं बाहेर पडतं. क्लोरीन काम संपवून बहुतांशी पुन्हा साधा क्लोराइड होतो. बाटलीतलं रसायन नाही, साठवण नाही. फारच देखणी कल्पना!

आता तोच प्रयोग मीठ न घालता नळाच्या पाण्यात करा. बुडबुडे नावालाच. वास नाही, शाई जशीच्या तशी. उजनीचं पाणी गोडं, त्यात वीज वाहून न्यायला आणि क्लोरीन द्यायला मीठच नाही. यंत्रासोबत मिठाची टाकी बसवून गोड्या पाण्यात ते चालवतात खरं, पण त्याचा अर्थ असा की मुक्कामाला जाताना भाजी-भाकरीबरोबर मिठाची गोणीही न्यायची.

बरं, गोणीही नेली. तरी प्रश्न सुटतो का? अमेरिकेत अशा यंत्रांची प्रतवारी आहे. 65 फुटांपर्यंतच्या बोटींना चालणाऱ्या पहिल्या प्रकारातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात 100 मिलिलिटरमागे 1,000 पर्यंत कोलिफॉर्म चालतात, आणि डोळ्यांना दिसणारे तरंगते तुकडे नसावेत. दुसऱ्या प्रकारात मर्यादा 200. तिसरा प्रकार म्हणजे नुसती टाकी, बाहेर काहीच नाही. पण खरी मेख पुढे आहे. ज्या गोड्या तलावात किंवा जलाशयात बोटी बाहेरून ये-जा करू शकत नाहीत, तिथे शुद्ध केलेलं सांडपाणीही सोडायला त्या देशात बंदी आहे. भिंत घालून अडवलेली उजनी त्या व्याख्येत तंतोतंत बसली असती.

शिवाय जिवाणू मेले म्हणजे मैला नाहीसा झाला असं नाही. माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण चार किलो नायट्रोजन आणि अर्धा किलो फॉस्फरस बाहेर पडतो, आणि क्लोरीन त्यातल्या फॉस्फरसच्या कणालाही हात लावत नाही. शेताला जे खत, तेच शेवाळाला खत. उजनीचं पाणी हिरवं का दिसतं हे काठावरच्या कोणालाही विचारा. तो हिरवेपणा होड्यांनी आणलेला नाही. वरच्या अंगाला पुण्यासारखी शहरं आहेत आणि त्यांचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत उतरतं, त्यापुढे चार बोटींचा हिशेब किरकोळ. मात्र बोट नांगर टाकते ती काठाजवळ, जिथं माणसं उतरतात, जनावरं पाणी पितात आणि कप विसळले जातात. शेवाळापुरती बोट क्षुल्लक असेल, हगवणीपुरती नाही.

जिवाणूंकडूनच मैला खाऊन घेणारी यंत्रंही आहेत, शहरातल्या मैलाशुद्धीकरण केंद्राची छोटी आवृत्ती. हवा सोडायची, गाळ बसू द्यायचा, शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरण. मोठ्या जहाजांवर ती उत्तम चालतात. शनिवार-रविवारच्या बोटीवर मात्र मधले पाच दिवस जिवाणू उपाशी मरतात.

म्हणजे फिरून गाडी टाकीवरच येते. चार माणसं, प्रत्येकी दिवसाला पाच वेळा, दर वेळी दोन लिटर: दिवसाचे 40 लिटर. ऐंशी लिटरची टाकी दोन दिवसांत काठोकाठ. टाकीची बदनामी आहे ती वासाची, आणि त्यात चूक बहुधा झाकून ठेवण्याची असते. आतली हवा संपली की हवेविना जगणारे जिवाणू जोर धरतात आणि सडक्या अंड्याचा हायड्रोजन सल्फाइड सुटतो. दोन बाजूंना रुंद नळ्या काढून हवा खेळती ठेवली की वास पुष्कळ कमी होतो. नळीची परीक्षाही सोपी: गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीवरून फिरवायचं, गार झालं की हुंगायचं. फडक्याला वास लागला तर नळीचं रबर मुरलंय, बदला.

पाणीच नको असेल तर लघवी वेगळी गोळा करणारा कोरडा संडास मिळतो, त्यात नारळाचा काथ्या भरतात. छोट्या बोटीला मी तोच घेईन. टाकीच्या बऱ्याच भानगडी टळतात, आणि काथ्या कोकणातून येतोच.

टाकी मात्र काठावर रिकामी करावी लागते. त्यासाठी घाटावर शोषून घेणारा पंप हवा, किंवा गावात सेप्टिक टँक उपसायला येतो तसा मैल्याचा टँकर. त्या टँकरने पुढे कुठं जायचं तेही ठरलेलं हवं, नाहीतर तो वळणावरच्या ओढ्यात मोकळा होतो आणि ओढा पावसाळ्यात धरणातच येतो. हे सगळं मी आत्याला परतीच्या वाटेवर सांगत होतो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते टाकीचं ऱ्हाऊ दे. आधी ते काठावर एक संडास बांधा म्हणावं. मला बाभळीमागं जावं लागलं."

बाभळीपासून पाणी वीस पावलांवर होतं.