ज्यूसर घेण्याआधी फळ फोडून बघा

सोलापूरच्या नव्या पेठेत ज्यूसर बघायला गेलं की दुकानदार आधी वॉट सांगतो. १००० वॉटचं यंत्र आणि २०० वॉटचं यंत्र शेजारीशेजारी मांडलेलं असतं आणि महाग असतं ते २०० वॉटचं. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं. या दोन यंत्रांची तुलना वॉटवरून होतच नाही. आधी बघायचं ते आपल्या घरात जास्त येणारं फळ, आणि त्यातला रस कशात साठलेला असतो ते.

सोलापूरकरांनी यासाठी डाळिंबच फोडावं. सोलापूर डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही इथेच, केगावला आहे. डाळिंबाचा दाणा म्हणजे एक बीच. तिच्या बाहेरच्या आवरणातल्या लांबट पेशी रसाने टम्म भरलेल्या असतात आणि थोड्याशा दाबाने फुटतात. आतली कठीण बी मात्र भरडली जाता कामा नये. तिचा चुरा झाला की रस तुरट आणि गढूळ होतो. साल आणि पांढरा पडदा तर टॅनिन या तुरट द्रव्याने भरलेला, म्हणून तोही रसात नको. म्हणजे डाळिंबाला हवा तो हलका, सावकाश दाब. मिक्सरच्या पात्यांना बी आणि रस यांतला फरक कळत नाही. मिक्सरच वापरायचा असेल तर बटण क्षणभर दाबून सोडावं, असं दोन-चारदा करून लगेच गाळून घ्यावं.

आता यंत्रांकडे वळू. सेंट्रिफ्यूगल ज्यूसरमध्ये दातेरी चकती फळ किसते आणि फिरती जाळी तो कीस बाहेरच्या बाजूला फेकते. ५ सेंटिमीटर त्रिज्येची जाळी मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल तर तिच्या कडेला गुरुत्वाकर्षणाच्या साडेपाच हजार पट जोर तयार होतो. गाजर, बीट, सफरचंद यांच्या पेशींच्या भिंती टणक असतात, तिथे हे किसणं उत्तम काम करतं. पालक किंवा गव्हांकुर घातले तर ती पानं फारसा रस न देताच चोथ्यात जाऊन पडतात.

कोल्ड प्रेसमध्ये जाड मळसूत्र मिनिटाला जेमतेम ४० ते ८० फेरे घेत फळ जाळीवर दाबत नेतं. गिअरने वेग घटवला की पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. २०० वॉट आणि ६० फेरे असा हिशेब मांडला, तर घर्षणातली गळती सोडून, १०,००० फेऱ्यांच्या १००० वॉटच्या मोटरपेक्षा तीस पटींहून जास्त पीळ मिळतो. छोटी मोटर महाग का, याचं उत्तर या गिअरमध्ये आणि मजबूत मळसूत्रात आहे. डाळिंबाचे दाणे आणि पालेभाज्या यांना हेच यंत्र मानवतं.

‘कोल्ड’ या शब्दाने मात्र हुरळून जाऊ नका. हे यंत्र काही थंड करत नाही, फक्त फारसं तापवत नाही. वेगवान ज्यूसरमध्येही फळ पात्यांपाशी काही सेकंदच असतं, तेवढ्या वेळात जीवनसत्त्वं जळून जात नाहीत. सोलापूरच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलेलं फळ आधीच चाळिशीला टेकलेलं असतं, तेव्हा ते आधी फ्रीजमध्ये ठेवणं जास्त महत्त्वाचं. वेगाचा खरा तोटा हवेचा आहे. फेस होतो, रसात प्राणवायू मिसळतो, सफरचंदाचा रस लवकर काळपट पडतो आणि क जीवनसत्त्व हळूहळू घटतं. काढल्या काढल्या पिणार असाल तर हा फरक फार मनावर घेऊ नये.

घरात मुख्यतः मोसंबीच येत असेल तर मोठं यंत्र घेऊच नका. घुमटावर अर्धी फोड दाबून फिरवायचं साधं उपकरण पुरतं. सालीखालचा पांढरा भाग खरवडू नका आणि रस साठवू नका. मोसंबीच्या रसात काही तासांनी लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं. आंबा, केळं, चिकू यांचा गर मिक्सरलाच द्यावा. सीताफळाच्या बिया विषारी असतात, त्या हाताने काढल्याशिवाय गर कुठल्याच यंत्रात घालू नये. आणि ऊस रसवंतीवरच प्यावा, घरातलं मळसूत्र त्यासाठी केलेलं नसतं.

चोथ्याबरोबर बराचसा तंतूही जातो, साखर मात्र पेल्यात उतरते. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर ‘मुक्त साखरे’त धरते, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत. मधुमेह असलेल्यांनी डाळिंबाचे दाणे चावून खावेत, असंच मी आग्रहाने सांगेन.

एक गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही, ती म्हणजे धुण्याचं पाणी. नळाला रोज पाणी नसलेल्या आपल्या शहरात ही बाब किमतीइतकीच मोठी आहे. जाळीच्या बारीक भोकांत तंतू वाळले की ते निघत नाहीत, भोकं बुजली की रस कमी येतो आणि अडकलेल्या गरावर जंतू वाढतात. म्हणून दुकानात यंत्र सुटं करून दाखवायला सांगा. भाग किती, जाळीला ब्रश कोपऱ्यापर्यंत पोचतो का, सुटी जाळी आणि रबरी रिंग सोलापुरातच मिळते का, हे विचारा. मागच्या पट्टीवर यंत्र सलग किती मिनिटं चालवायचं हेही छापलेलं असतं, तेवढं वाचूनच पैसे द्या.