संशोधन-सहयोग आणि उत्पादकता

संशोधन-सहयोग म्हणजे दोन किंवा अधिक संशोधकांनी एका प्रश्नावर मिळून केलेले काम. त्यात उपकरणे, नमुने, निधी आणि कौशल्य वाटून घेतले जाते, आणि शेवटी श्रेयही. संशोधकाची उत्पादकता बहुतेक वेळा त्याच्या प्रसिद्ध शोधनिबंधांवरून मोजतात. मिळून काम केले की निबंध वाढतात, ही समजूत रूढ आहे. नेमणूक, बढती आणि प्रकल्पाची मंजुरी ठरवताना तिचे वजन पडते. ती काही अंशीच खरी आहे. गोव्यात संशोधनाचा मोठा भाग समुद्राशी आणि ध्रुवप्रदेशांशी निगडित असल्याने तिची पारख इथे चांगली होते.

पाच जणांनी मिळून एक निबंध लिहिला, तर पूर्ण मोजणीत पाचही जणांच्या खात्यावर एकेक निबंध जमा होतो. वाटणीच्या मोजणीत प्रत्येकाला एक-पंचमांश मिळतो. सूहो ली आणि बॅरी बोझमन यांनी 2005मध्ये अमेरिकेतील विद्यापीठीय संशोधन केंद्रांतल्या 443 शास्त्रज्ञांची माहिती या दोन्ही पद्धतींनी तपासली. पूर्ण मोजणीत निबंधसंख्येशी सर्वांत घट्ट नाते सहकाऱ्यांच्या संख्येचे निघाले. वाटणीच्या मोजणीत ते नाते लक्षणीय उरले नाही. सहयोगामुळे वाढलेल्या दिसणाऱ्या आकड्याचा बराच भाग एकच निबंध अनेकांच्या खात्यावर चढल्यामुळे येतो, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

दुसरी अडचण कारण कोणते आणि परिणाम कोणता, ही. डेरेक डी सोला प्राइस आणि डोनाल्ड बीव्हर यांना 1966मध्येच आढळले होते की भरपूर लिहिणारे संशोधक भरपूर सहयोगही करतात. पण ज्याचे काम जोरात चालते, त्याच्याकडे माणसे आपणहून येतात, हेही तितकेच खरे. हा गुंता थोडा सोडवला तो पिएर अझुले व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2010च्या अभ्यासाने. जीवविज्ञानातील नामांकित संशोधकांचे अकाली निधन झाल्यावर त्यांच्या सहलेखकांचे काय होते, हे त्यांनी पाहिले. दर्जा लक्षात घेऊन मोजलेली या सहलेखकांची निबंधसंख्या 5 ते 8 टक्क्यांनी घटली आणि ती पुन्हा भरून निघाली नाही. सहकाऱ्याकडून येणारी कल्पना आणि टीका यांचे मोल खरेच असते, हे यातून दिसते.

सहयोगाला खर्चही आहे. बैठका, प्रवास, नमुन्यांची ने-आण, मसुद्यावरची मतमतांतरे यांत वेळ जातो. जोनाथन कमिंग्ज आणि सारा कीझलर यांनी 62 प्रकल्प तपासले, तेव्हा अनेक विद्यापीठांत विखुरलेल्या प्रकल्पांची फलनिष्पत्ती कमी आढळली. अनेक विद्याशाखा एकत्र आल्याने मात्र तसे नुकसान दिसले नाही. शाखांमधल्या भिंतींपेक्षा संस्थांमधले अंतर जास्त नडते.

समुद्रविज्ञानात एकट्याने काम करण्याचा पर्याय जवळजवळ नसतोच. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1 जानेवारी 1966 रोजी स्थापन झाली, तीच मुळी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या (1959–65) पाठोपाठ. जहाज महाग, त्यावरचे दिवस मोजके आणि झोपायच्या जागाही मोजक्याच. त्यामुळे एका सफरीत रसायनशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि भूवैज्ञानिक एकत्र निघतात. समुद्रावर सहयोग म्हणजे काय, ते डेकवर नीट दिसते. गोल चौकटीत बसवलेल्या बाटल्या खोल पाण्यात सोडतात आणि ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद होते. चौकट वर आली की पाणी कोणी आधी घ्यायचे याचा क्रम पक्का असतो. आधी विरघळलेल्या वायूंचे नमुने, कारण हवा लागली की ते बिघडतात; मग पोषकद्रव्ये आणि क्षारता; उरलेले पाणी हरितद्रव्यासाठी गाळायला. ऑक्सिजनसाठी नळी काचेच्या बाटलीच्या तळाशी नेऊन, बुडबुडा राहू न देता पाणी भरतात आणि लगेच मँगनीजचा क्षार व अल्कलीयुक्त आयोडाइड सोडतात. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. अरबी समुद्रात काही शे मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो. तिथल्या पाण्यात साका पांढुरकाच राहतो. तो पांढरा रंग एका संशोधकाची नोंद झाली. त्याच बाटलीतले नायट्राइट दुसऱ्याने मोजले, नायट्रस ऑक्साइड तिसऱ्याने, आणि प्रवाहांची माहिती चौथ्याने दिली, तर त्या थरात नायट्रोजनचे काय होते ते कळते. भारताच्या पश्चिम खंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात, ऑक्सिजन घटत असताना नायट्रस ऑक्साइड वाढते, हा दोनापावलाच्या संशोधकांचा 2000मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला निष्कर्ष अशाच जोडकामातून निघाला. असा निबंध लेखकसंख्येने भागला तर प्रत्येकाच्या वाट्याला तुकडा येतो. पण ते काम तुकड्यांत होऊच शकले नसते. प्रस्तुत लेखकाच्या मते वाटणीची मोजणी इथे तोकडी पडते.

वास्कोच्या हेडलँड सड्यावरील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राची गोष्ट वेगळी नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्यातूनच निघाली. आज अंटार्क्टिकावरील मैत्री आणि भारती या तळांवर देशातल्या अनेक संस्थांची माणसे काम करतात, पण जहाज, इंधन आणि रसद यांचा भार हे एक केंद्र उचलते. ही व्यवस्था कोणाच्याही निबंधसंख्येत नीट उमटत नाही.

2009चा लोहाफेक्स प्रयोग सहयोगाच्या दोन्ही बाजू दाखवतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘पोलारस्टेर्न’ जहाजावरून दक्षिण महासागरात सुमारे 300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोह सोडले. लोहामुळे शैवाल वाढले, तर हवेतला कार्बन खोल समुद्रात जाईल का, हा प्रश्न होता. पर्यावरणवाद्यांच्या आक्षेपांमुळे जर्मन सरकारने काम काही काळ थांबवले. दोन देशांचा प्रकल्प म्हणजे दोन देशांची राजकीय जबाबदारी, याचा तो अनुभव. प्रयोग पुढे पार पडला. त्या पाण्यात सिलिकेट कमी असल्याने डायटम, म्हणजे सिलिकाचे कवच असलेले शैवाल, वाढले नाहीत, बाकीचे शैवाल प्राणिप्लवकांनी (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांनी) खाल्ले आणि फारच थोडा कार्बन खाली गेला. उत्तर नकारार्थी आले, तरी ते मोलाचे आहे.

संघ मोठा म्हणजे काम मोठे, असेही नाही. वुख्टी, जोन्स आणि उझी यांनी 2007मध्ये सुमारे 2 कोटी निबंध तपासून दाखवले की विज्ञानात संघांचे वर्चस्व वाढते आहे आणि त्यांच्या निबंधांचा उल्लेखही जास्त होतो. वू, वांग आणि इव्हान्स यांनी 2019मध्ये त्याला पुरवणी जोडली: मोठे संघ प्रचलित कल्पना पुढे नेतात, नवी वाट पाडणारे काम लहान संघांकडून अधिक होते. गोव्याला दामोदर धर्मानंद कोसंबी आठवणे साहजिक आहे. 1907मध्ये कोसबें येथे जन्मलेल्या या गणितज्ञाने 1944मध्ये एकट्याच्या नावाने दिलेले सूत्र आनुवंशिकीत जनुकांमधले अंतर काढण्यासाठी आजही वापरतात.

गोव्यात सहयोगाचा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ नमुना मात्र अंतराच्या जवळिकीतून आला आहे. 1985मध्ये स्थापन झालेले गोवा विद्यापीठ ताळगाव पठारावर आहे आणि समुद्रविज्ञान संस्था तिथून थोड्याच अंतरावर. संस्थेतले शास्त्रज्ञ विद्यापीठाचे मान्यताप्राप्त गाइड असतात. विद्यार्थी प्रयोगशाळेत आणि सफरींवर काम करतो व पीएचडी विद्यापीठाची घेतो. या नात्यात श्रेयाचा प्रश्न नाजूक असतो, कारण नावांचा क्रम बहुधा गाइड ठरवतो. 2014पासून रूढ होत गेलेल्या योगदान-वर्गीकरणात 14 भूमिका आहेत. कल्पना कोणाची, नमुने कोणी गोळा केले, विश्लेषण कोणाचे, मसुदा कोणाचा, हे निबंधातच नोंदवता येते. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, खाऱ्या पाण्यात तगणारे कोरगुट भात ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्या शेतकऱ्यांसाठी त्या 14मध्ये अजून वेगळी जागा नाही.