मातीला झाप

जुन्या कोकणी घरांच्या भिंती मातीच्या असत. पावसाचा मारा लागून त्या ढासळू नयेत म्हणून मिरगाच्या आधी माडाच्या झावळ्या विणून केलेली झापं त्यांना बाहेरून बांधत. आता घरं चिऱ्याची झाली, झापं गेली. पण पहिल्या पावसानंतर पांढऱ्या जोत्यावर हातभर उंच उडालेले तांबडे शिंतोडे आजही दिसतात. जमिनीची धूप कशी सुरू होते ते बघायला मला याहून चांगली जागा माहीत नाही.

माती वाहत्या पाण्याबरोबर जाते हे खरं, पण तिला आधी सुटी करतो तो थेंब. पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ९ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ताशी ३० किलोमीटरहून जास्त. उघडं ढेकूळ त्याने फुटतं, कण उडतात, आणि त्यातले बारीक कण जमिनीच्या छिद्रांत बसून वरचा थर सारवल्यासारखा बंद होतो. मग पाणी मुरत नाही, उताराला लागतं आणि सुटी माती घेऊन जातं. तोच थेंब आधी एखाद्या वाळक्या काडीवर फुटला, तर पुढचं बरंचसं टळतं. मात्र हे आवरण जमिनीलगत हवं. उंच आंब्याच्या पानांवर थेंब एकत्र येऊन मोठे होतात आणि आठ-दहा मीटरवरून पडताना पुन्हा जवळपास तोच वेग घेतात. आंब्याखालची स्वच्छ, झाडलेली जमीन म्हणूनच सुरक्षित नसते.

आता आपल्या पावसाचं माप घेऊ. ३००० मिलिमीटर पाऊस कोकणात नवलाचा नाही. तेवढ्या पावसात एका गुंठ्यावर तीन लाख लिटर पाणी पडतं, तेही बहुतेक चार महिन्यांत. आणि एका गुंठ्यावरची फक्त एक मिलिमीटर माती गेली, तर ती सव्वाशे किलोच्या वर भरते. एवढ्या पातळ थराची तूट डोळ्यांना कळतही नाही. जांभ्यावर मातीचा थर मुळात वीतभर. तो पुन्हा तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

अमेरिकेच्या मका-सोयाबीनच्या पट्ट्यात यावर एक उपाय रुळला आहे. मका निघाला की शरद ऋतूत तिथले काही शेतकरी राय नावाचं धान्य पेरतात. राय भात-नाचणीच्याच कुळातलं, पण बर्फ सोसणारं. हिवाळाभर ते जमीन धरून ठेवतं. वसंतात ते फुलोऱ्यावर आलं की जड रूळ फिरवून आडवं करतात आणि त्याच गादीत सोयाबीन पेरतात. त्याचं खरं बळ मुळांत आहे. आयोवात हॉवर्ड डिटमर यांनी पेटीत चार महिने वाढवलेल्या रायच्या एकाच रोपाची मुळं मोजली आणि १९३७ साली आकडा प्रसिद्ध केला: सगळ्या मुळांची मिळून लांबी ६२० किलोमीटरच्या वर. मुंबईहून पणजीला जाणाऱ्या रस्त्यापेक्षाही जास्त, एका रोपात!

हे बी आणून इथे पेरावं का? नाही. हिवाळी रायला फुलोऱ्यावर यायला कडक थंडीचे काही आठवडे लागतात, ते आपल्याकडे नाहीत. शिवाय वेळच वेगळी आहे. भातानंतर ओलीवर वाल, कुळीथ आपण पेरतोच (रायगडातली पोपटी त्यांतल्याच वालाच्या शेंगांची), पण ती पिकं उन्हाळ्याआधी निघतात. आपली धोक्याची वेळ आहे जूनचा पहिला पंधरवडा. तेव्हा वरकस जमीन, म्हणजे भाताखाली नसलेली डोंगरउताराची जमीन, चरून, वाळून किंवा वणव्यात जळून उघडी पडलेली असते. भाताच्या खाचरांची मला तितकी काळजी वाटत नाही. बांध माती अडवतात. काळजी आहे ती उतारांची, विशेषतः जेसीबीने कापून काजू लावलेल्या आणि वर तणनाशक मारलेल्या उतारांची. उतारावर तणनाशक मारून जमीन ‘साफ’ करणं मला भिंतीवरची झापं ऐन पावसात सोडण्यासारखं वाटतं.

गवत राहू द्यावं, झाडाच्या आळ्यापुरतंच काढावं. बाकीचं ग्रासकटरने कापून तिथेच पसरावं. मुळं जिवंत राहतात आणि वर गादी होते. नव्या लागवडीत ओळींच्या मध्ये पहिल्या सरींबरोबर ताग किंवा चवळी टाकावी. दोन्ही द्विदल, मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणणारी. तागाला साचलेलं पाणी सोसत नाही, म्हणून तो उतारावरच ठीक. खोलगट जागेला साचलेलं पाणी सोसणारा धैंचा. पण पेरलेलं रोप वर येऊन जमीन झाकेपर्यंत तीन-चार आठवडे जातात, आणि त्या आठवड्यांत मृगाचा पाऊस कोसळत असतो. तेवढ्यासाठी आदल्या वर्षीचा पालापाचोळा आणि वाळकं गवतच लागतं. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) असेल तर त्याचा पाला मदतीला येतो.

अडचण गुरांची आहे. भात कापलं की ती मोकळी सुटतात आणि मे संपेपर्यंत काडीही उरत नाही. एकट्याने कुंपण घालणं परवडत नाही, त्यामुळे हा प्रश्न वाडीने एकत्र बसूनच सोडवावा लागेल. वणव्याचंही तसंच आहे.

यंदा पहिला मोठा पाऊस झाला की पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या घेऊन निघा. एक झाकलेल्या तुकड्याखालच्या पाण्याने भरा, दुसरी उघड्या तुकड्याखालच्या. रात्रभर पडवीत ठेवा आणि सकाळी दोन्हींच्या तळाशी बसलेला तांबडा गाळ बोटांनी मोजा.